बारवेच्या एक्केचाळीस पायऱ्या

३ जानेवारी २०१६, रविवार. सकाळी ६.३०

आजपासून रोजनिशी. डायरी मागच्या वर्षीची आहे, खताच्या दुकानातून मिळालेली. आत छापलेले वार जुळत नाहीत, पण कोरा कागद टाकून देणं शाश्वत विकासात बसत नाही. वार पेनानं दुरुस्त करीन.

मी मडिवाळप्पा, वय एकोणपन्नास, मुक्काम कौठळी, तालुका उदगीर. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, म्हणजे गावाला नळ सोडणारा. आजपासून विद्यार्थी. उदगीरच्या अभ्यासकेंद्रात पाच महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स: शाश्वत विकास व स्थानिक पर्यावरण. दर रविवारी वर्ग. पाच जूनला, पर्यावरण दिनी, प्रोजेक्ट द्यायचा.

यंदा एक मेला उदगीर जिल्हा होणार हे आता नक्की आहे. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं. त्यांना पाणी कळणारा माणूस लागणार. सर्टिफिकेट आणि अनुभव, दोन्ही असलेला दुसरा कोणी माझ्या नजरेत तरी नाही.

दानम्माला सांगितलं. बायको म्हणून तिला आधी सांगणं योग्य. ती म्हणाली, नळाला पाणी न्हाई, नळ सोडनाऱ्याला काम न्हाई. जावा शाळंत, घरात बसून तरी काय करायलाव.

होकार समजलो.


१० जानेवारी, रविवार. संध्याकाळी

वर्गात पंधरा जण. चौदा विशीतले, पंधरावा मी. पहिल्या बाकावर बसलो. मागून फळा दिसत नाही.

शिकवायला सिंधु मॅडम. तिशीच्या असतील. किनवटकडच्या जंगलातल्या गावच्या, वसतिगृहात राहून शिकलेल्या. मला काका म्हणतात.

ओळख करून देताना मी हाताबद्दल सांगितलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात चालायचं. खाली पाणी असेल तिथं नारळ आपोआप उभा राहतो. तिथं बोअर घ्यायचा. माझे वडील हेच करत. त्यांचे तीन नियम. एक, नारळ आधी कानाशी हलवून बघायचा, आत पाणी खळखळलं पाहिजे, कारण पाण्यालाच पाणी ओळखू येतं. दोन, मोबदला घ्यायचा नाही, फक्त तो नारळ घरी न्यायचा. तीन, नारळ घेऊन दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही.

नारळ उभा राहिला की माझा आंगठा दोन दिवस दुखतो. वडिलांचाही दुखायचा. देवाचा भार आहे तो.

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, काका, हे आपल्या अभ्यासक्रमात नाही.

अभ्यासक्रम जुना असणार. सुधारतील.


१७ जानेवारी, रविवार

प्रोजेक्टचा विषय मिळाला: गावातल्या एका जलस्रोताची जपणूक. मी आपली बारव घेतली.

महादेवाच्या देवळापुढची दगडी बारव. एक्केचाळीस पायऱ्या. बहात्तरच्या दुष्काळात आटली नाही. गावात सध्या पिण्याचं पाणी तिथंच आहे. माझ्या लिंगपूजेचा तांब्याही रोज तिथूनच भरतो. आत एक कासव आहे, माझ्या लहानपणापासून. तेच आहे की त्याचा मुलगा आहे, सांगता येत नाही.

मॅडमनी तक्ता दिला. चार रकाने: तारीख, पातळी, घट, कारण. पातळी म्हणजे उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजायच्या. सोपं आहे.

आज उघड्या: १७.

मोजताना भीमनगरातल्या पारूबाई घागर भरत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात. काय मोजून राहिलाव अप्पा, म्हणाल्या. प्रोजेक्ट, म्हणालो. त्या म्हणाल्या, माझ्या लहानपनी आमाला वरच्या पायरीच्या खाली उतरू देत नव्हते. वरून कोनी वाढलं तर पानी. आता शेवटच्या पायरीपोत्तर जाऊ देतेत, तर पानीच खाली निघून चाललंय.

आणि हसल्या. हे तक्त्यात कुठं लिहायचं कळलं नाही.


३१ जानेवारी, रविवार

आजचा धडा फार मोलाचा. मॅडमनी फळ्यावर एक पेला काढला. त्यात एक नळी, मग दोन, मग वीस. म्हणाल्या, जमिनीखालचं पाणी हा सगळ्यांचा एकच पेला आहे. नळ्या वाढवल्या म्हणून पाणी वाढत नाही, पेला लवकर रिकामा होतो.

वहीत मी पेला उत्तम काढला. शेडिंग केलं. शेजारच्या मुलीनं मोबाइलवर फोटो घेतला.

घरी येऊन संकल्प लिहिले.

१. आजपासून एकही बोअरचा पॉइंट देणार नाही. 
२. आंघोळ एका मगात. 
३. अंगणात शोषखड्डा. 
४. जैवविविधता रजिस्टर.

पहिला संकल्प दानम्माला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, मागच्या चार बोअरला नुसता धुरळाच निघाला. तुमाला आता बोलवायला कोन येनार हाय?

चारही ठिकाणी नारळ उभा राहिला होता. बोअरच्या गाडीवाल्यांनी वाकडं खोदलं असणार.

उघड्या पायऱ्या: १९. कारण: दुष्काळ.


९ फेब्रुवारी, मंगळवार

शोषखड्डा झाला. तीन बाय तीन, खाली दगड, वर वाळू. दोन दिवस लागले. कंबर धरली.

आता यात सांडपाणी सोडायचं. सांडपाणी नाही. एका मगाच्या आंघोळीचं पाणी मोरीच्या पुढं जात नाही.

दुपारी शेजारच्यांची शेळी खड्ड्यात पडली. तिला काढायला चार माणसं आली. सगळ्यांनी खड्डा पाहिला. जनजागृती झाली.

जैवविविधता रजिस्टर: चिमण्या ११, कावळे ४, मोर १ (फक्त आवाज), कासव १, शेळी १ (पाळीव, लिहावी का हे विचारायचं).


२१ फेब्रुवारी, रविवार

मॅडमनी गावाचा नकाशा मागितला. त्यावर प्रत्येक बोअरचा लाल ठिपका, शेजारी वर्ष आणि खोली. बाकीची पोरं म्हणाली, महिनाभर घरोघर फिरावं लागेल. मी म्हणालो, मी इथंच बसून काढतो.

काढला. एकशे त्रेसष्ट ठिपके. त्यातल्या एकशे अठरा जागा माझ्या हाताच्या. नव्वद साली पहिला बोअर, एकशे वीस फुटांवर पाणी. दोन हजार सालच्या आसपास तीनशे फूट. आता सातशे. एकही आकडा विचारायला जावं लागलं नाही. झोपेत उठवून विचारलं तरी सांगीन.

मॅडमना देण्याआधी नकाशा दोनदा पाहिला. लांबून गोवर आलेल्या पोराच्या पाठीसारखा दिसतो. लाल शाई जरा फिकट वापरायला हवी होती.

उघड्या: २१. कारण: बाष्पीभवन. (नवीन शब्द.)


७ मार्च, सोमवार. महाशिवरात्र

शिवरात्र सोमवारी आली. फार पुण्याचा योग.

देवळात मी सूचना मांडली की यंदा अभिषेक प्रत्येकी एका पळीनं करावा. मान्य झाली. नंतर प्रत्येकानं एकशे आठ पळ्या घातल्या.

संध्याकाळी हणमंतराव घरी आले. गावच्या सरपंच धुरपताबाई, म्हणजे त्यांची बायको. कारभार हणमंतराव बघतात. बारवेला लागूनच त्यांची मोसंबीची बाग आहे, तीनशे झाडं. बागेतले दोन्ही बोअर गेले.

हातात नारळ होता.

मी संकल्प सांगितला. पेला आणि नळ्याही सांगितल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, हाव, बराबर हाय तुमचं. मी म्हनलो होतोच लोकाला, अप्पाला इचारून बगतो. लोकं म्हनत होते, कशाला इचारता, अप्पाचा हात गेला. आता बोलवलं तरी येनार न्हाईत ते.

मी विचारलं, कोण म्हणालं?

ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या. लोकाचं काय. आणि नारळ कोनाड्यात ठेवून गेले.

उघड्या: २२.


१२ मार्च, शनिवार. दुपारी

चार दिवस विचार केला. इष्टलिंग हातावर घेऊन बसलो की नारळ दिसतो. कोनाडा समोरच आहे.

प्रश्न असा. कोर्सचा संकल्प मोठा की वडिलांचा नियम? वडिलांचा नियम आधीचा आहे. शिवाय संकल्प घेताना पुरेशी माहिती नव्हती. मॅडम पेला म्हणाल्या, पण पेल्यात नळी कुठं घालायची हे ज्याला कळतं, त्याची जबाबदारी उलट वाढते. चुकीच्या जागी शंभर बोअर घेण्यापेक्षा बरोबर जागी एक घेणं हे शाश्वत.

दानम्मा म्हणाली, एवढी वही कशाला भरायलाव? जायाचं असंल तर जावा.

सकाळी गेलो. बागेत फिरलो. बांधावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. नारळ कुठंच उठेना. वरची बाजू झाली, मधली झाली. लोक आपसात बोलायला लागले. मग बारवेच्या बाजूच्या कोपऱ्यात आलो. बारवेची भिंत तिथून साठ पावलं.

तिथं पाणी आहे हे कुणालाही कळेल. पण नारळानं सांगावं लागतं.

उभा राहिला. ताठ.

तिथला झरा वेगळा आहे. बारवेचा झरा पूर्वेचा, हा उत्तरेचा. मला हाताला जाणवलं.

आंगठा दुखतो आहे.


१६ मार्च, बुधवार

एकशे ऐंशी फुटांवर चार इंच पाणी. फवारा कडुलिंबाच्या झाडाएवढा. गावात गेल्या दोन वर्षांत असं पाणी कोणाला लागलं नव्हतं. मला खांद्यावर घेतलं. शाल, टोपी. हणमंतराव म्हणाले, कोन म्हनत होतं रे, अप्पाचा हात गेला?

पाण्यानं भिजलो. तोंडात गेलं. गोड आहे. आपल्या बारवेसारखंच.

उघड्या: २२. हा अपवाद. संकल्प उद्यापासून पुन्हा सुरू.


२० मार्च, रविवार

उघड्या: २४. चार दिवसांत दोन. कारण: ऊन.

वर्गात शाल पांघरून गेलो नाही. पिशवीत होती.


२७ मार्च, रविवार. सकाळी

उघड्या: २८. तीनदा मोजल्या. वरून, खालून, पुन्हा वरून.

कारण: मागची मोजणी चुकली असावी.

पारूबाई म्हणाल्या, कशाचं चुकलं? मी रोज मोजते माझ्या गुडघ्यानं. आठ दिवसात चार पायऱ्या जास्तीच्या. वर मोटर ऐकू येती का न्हाई तुमाला?

ऐकू येते. रात्रंदिवस. हणमंतरावांनी बागेत पाट सोडले आहेत.

उद्या त्यांच्याशी बोलायचं. स्पष्ट.


२८ मार्च, सोमवार

गेलो. चहा झाला. विषय काढला. हवामानाचा. ते म्हणाले, यंदा लई कडक हाय. मी म्हणालो, हो ना. धुरपताबाईंनी पिशवीभर मोसंबी दिली.

वातावरण तयार झालं आहे. पुढच्या भेटीत मुद्द्यावर येता येईल.


१० एप्रिल, रविवार

उघड्या: ३४. कारण: बारवेवरच्या कडुलिंबाच्या मुळ्या पाणी ओढत असाव्यात. (लिंब दीडशे वर्षांचा आहे. पण वय झाल्यावर तहान वाढते.)

आज वर्गात मॅडमनी कायदा सांगितला. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताजवळ बोअर घेता येत नाही. घेतला असेल आणि स्रोत आटत असेल, तर नोंदींसह अर्ज करायचा, तहसीलदार तो बंद करू शकतात. मॅडम म्हणाल्या, पण लोकांकडे नोंदीच नसतात.

माझ्याकडे आहेत. दर आठवड्याच्या.

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही घेतलं. अक्षर नीट आलं नाही.


१३ एप्रिल, बुधवार

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पंचायतीच्या टीव्हीवर दाखवत होते. टाक्यांची गाडी, माणसं हात जोडून उभी.

लातूर जिल्हा झाला त्या साली मी दहावीला होतो. शाळेत पेढे वाटले. गुरुजी म्हणाले होते, आता आपल्याला उस्मानाबादला जायची गरज नाही, सगळं जवळ येईल. चौतीस वर्षं झाली. पाणी मिरजेहून येतं.

पण उदगीरचं तसं होणार नाही. लहान जिल्ह्याकडं लक्ष देता येतं. नव्या ऑफिसातल्या नोकरीच्या अर्जाचा मसुदा तयार ठेवला आहे. सहीचा सराव केला. म वळणदार येतो.


२४ एप्रिल, रविवार

उघड्या: ३९.

दानम्मा पहाटे चारला नंबर लावते. तळाला पाणी गुडघाभरही नाही. वाटीनं घागर भरायची. एक घागर भरायला पाऊण तास. आज ती वर आली आणि देवळाच्या ओट्यावर बसून राहिली. बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा बरं वाटत नाही.

मी म्हणालो, पुढच्या रविवारी मॅडम आणि वर्ग येणार आहेत, बारव बघायला. ती म्हणाली, येऊ द्या. प्याला काय देनार हाव?


१ मे, रविवार. महाराष्ट्र दिन

झेंडा झाला. दुपारपर्यंत पंचायतीत टीव्हीसमोर बसलो. जिल्ह्याचं काही निघालं नाही. सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, होईल असं म्हणतात.

तीन वाजता मॅडम आणि चौदा पोरं आली. हणमंतरावांनी सगळ्यांना मोसंबीचा रस दिला. पोरांना आवडला. मॅडमनी पेला हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

उघड्या: ४०. शेवटच्या पायरीवर ओल आणि खाली गाळ. गाळात कासव होतं, निम्मं वर. पोरींनी फोटो काढले. पारूबाई खाली उतरल्या, कासव पदरात उचललं आणि वर घेऊन आल्या. घरी घमेल्यात ठेवणार म्हणाल्या. पाणी कुठून आणाल, एकीनं विचारलं. माज्याच वाटनीचं, त्या म्हणाल्या, त्याला काय हंडाभर लागतंय का.

जैवविविधता रजिस्टर: कासव १ (घमेल्यात).

मॅडमनी ओट्यावर नकाशा पसरला. बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, काका, एवढी पूर्ण माहिती मला कुठल्याच गावाची मिळालेली नाही. मी म्हणालो, एकशे अठरा जागा माझ्या हाताच्या. त्यांनी विचारलं, आज चालू किती?

नऊ.

मग तक्ता पाहिला. सोळा मार्चच्या ओळीवर बोट ठेवलं. इथपर्यंत दहा दिवसांना एक पायरी जाते. इथून पुढं आठवड्याला तीन-तीन. काका, सोळा मार्चला काय झालं?

मी म्हणालो, ऊन वाढलं.

त्यांनी हणमंतरावांच्या बागेतल्या पाइपाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. हळू आवाजात बोलल्या, पोरांना ऐकू जाणार नाही असं. म्हणाल्या, काका, मी परीक्षा घेत नाही. तुमच्या हातानं 'कारण' लिहून द्या. तक्ता, नकाशा, सगळं मी स्वतः तहसीलला घेऊन जाते. मोटर बंद झाली तर तळाला झरा परत येईल, अजून वेळ गेलेली नाही. फक्त तुम्हीच हे लिहू शकता.

मी म्हणालो, लिहितो. उद्या पक्कं लिहितो.

खरंच लिहिणार होतो. आहे.


२ मे, सोमवार

पूजेला बसलो. तांब्यात तळाचं गढूळ पाणी. गाळून घेतलं. नंतर तक्ता घेतला.

कारण: बारवेलगत नवीन बोअर.

वाचून पाहिलं. कोणीही विचारेल, बोअरची जागा कोणी दिली. मग नाव येणार. वडिलांचंही येणार, कारण हात त्यांचा. एकशे अठरा जागा येणार. ज्या गावानं खांद्यावर घेतलं ते गाव काय म्हणेल, हा प्रश्न नाही. प्रश्न अचूकतेचा आहे. झरा उत्तरेचा की पूर्वेचा, हे सिद्ध झालेलं नाही. सिद्ध न झालेलं लिहिणं शास्त्रीय नाही.

खोडलं. 'अभ्यास चालू' असं लिहिलं.


९ मे, सोमवार. बसवजयंती

मॅडमचा फोन. लिहिलं का? म्हणालो, अंतिम टप्प्यात आहे.

गावात टँकर सुरू, एक दिवसाआड. भीमनगरच्या बोळात गाडी वळत नाही म्हणून पारूबाईंना चौकापर्यंत यावं लागतं. मी त्यांची एक घागर उचलून दिली. त्या म्हणाल्या, अप्पा, तुमचा लई चांगला हात.

टोमणा होता का, दिवसभर ठरवता आलं नाही.


१९ मे, गुरुवार

हणमंतरावांचा बोअर काल बंद पडला. मोटर वाजते, पाइपातून वाफ येते. दोन महिने चालला. मोसंबीची पानं वळून खाली पडली आहेत. बागेतून चाललं की पापडासारखा आवाज येतो.

एक बरं झालं. आता बोअर बंदच आहे, म्हणजे अर्जाची गरज उरली नाही. मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, बरं काका.

त्यानंतर फोन आला नाही.

कासव गेलं. पारूबाईंनी सांगितलं, सकाळी हात लावला तर हललं न्हाई. त्यांनी ते लिंबाखाली पुरलं. मी जायला निघालो होतो, तोवर झालं होतं.

जैवविविधता रजिस्टर: कासव ०.


२२ मे, रविवार

वर्गाला गेलो नाही. उघड्या: ४१. सगळ्या.


५ जून, रविवार. पर्यावरण दिन. संध्याकाळी

प्रोजेक्ट आज द्यायचा होता. कव्हर घातलं, नाव लिहिलं, नऊच्या बसला निघालो. 'कारण' बसमध्ये लिहिणार होतो. बसमध्ये विचार चांगले येतात.

दारात हणमंतराव, मागे सगळं गाव. पंचायतीनं ठरवलं होतं की बारवेच्या तळातच बोअर घ्यायचा. आतापर्यंत तिथं पाणी होतं, म्हणजे खाली असणारच. गाडी उद्या येते. जागा तेवढी काढून द्या.

मी म्हणालो, तळाची शिळा फुटली तर बारव पुढं कधीच पाणी धरणार नाही. हे मला माहीत होतं आणि मी म्हणालो. डायरीत नोंद असावी.

हणमंतराव म्हणाले, आता तरी कुटं धरायलीय? आणि नारळ पुढं केला.

उतरलो. एक्केचाळीस पायऱ्या, या वेळी मोजल्या नाहीत. बायामाणसं पायऱ्यांवर बसली होती, रिकाम्या घागरी घेऊन, जशी कीर्तनाला बसतात. दानम्मा विसाव्या-एकविसाव्या पायरीवर. पारूबाई सगळ्यात खाली. त्या म्हणाल्या, अप्पा, सावकाश बगा. आमाला काय घाई हाय.

गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. त्यावरून फिरलो. एक फेरी. दुसरी. नारळ आडवाच. खाली काही नाही, हे पायाला कळत होतं. वर बघितलं. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. एक मूलही रडत नव्हतं. आता मी म्हणणार होतो, पाणी नाही. शब्द तोंडात तयार होता.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी नारळ उभा राहिला.

पायऱ्यांवरून एकदम श्वास सुटल्यासारखा आवाज आला. पारूबाईंनी हात जोडले. मला की महादेवाला, कळलं नाही. हणमंतरावांनी त्या जागी चुन्यानं गोल काढला.

बस गेली होती. नियमाप्रमाणे नारळ घरी आणला. दानम्मानं तो चुलीजवळच्या दगडावर फोडला. आत पाण्याचा थेंब नाही. गोटा झाला होता, खोबरं करवंटीतून सुटून खुळखुळत होतं. हणमंतरावांच्या देव्हाऱ्यात किती महिने होता कोण जाणे. हलवून बघायचं माझ्याकडून राहिलं.

तिनं दोन्ही वाट्या माझ्यापुढं ठेवल्या. म्हणाली, पाण्याला पाणी कळतंय म्हनता. ह्यात तर पानीच न्हाई. मग उभा कशानं ऱ्हायला?

ती थोडा वेळ उभी राहिली. मग घागर घेऊन चौकात गेली, उद्याच्या टँकरला नंबर लावायला.

बोअरची गाडी सकाळी आठला येणार. तक्ता पूर्ण करायला बसलो.

तारीख: ५ जून. पातळी: शून्य. घट: एक्केचाळीस. कारण:

सकाळपासून आंगठा दुखतो आहे.